अनाथपिंडिकाचा वारसा आणि आपले कर्तव्य

श्रावस्तीच्या सुदत्त श्रेष्ठीस जग त्याच्या मूळ नावाने फारसे ओळखत नाही. अनाथांना अन्न देणारा, या अर्थाच्या ‘अनाथपिंडिक’ या नावानेच तो अमर झाला. जेतवनाची भूमी त्याने सुवर्णमुद्रा अंथरून घेतली, ही कथा आपल्या विहारांतून नेहमी सांगितली जाते. परंतु विनयपिटकातील पुढील तपशिलाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. त्या भूमीवर त्याने निवासाच्या खोल्या तर बांधल्याच, पण विहिरी, स्नानगृहे आणि शौचकूपही बांधविले. ज्याने भूमीवर सोने अंथरले, त्यास शौचकूप बांधण्यात कमीपणा वाटला नाही. दानपारमितेचा हा अर्थ शहापूर व मुरबाड तालुक्यांतील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांनी ध्यानी घ्यावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

या दोन तालुक्यांत पावसाळा सरला की कातकरी व ठाकूर समाजाची, तशीच भूमिहीन मजुरांची, कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात. बाप दगावला, आई आजारी पडली, की मुलाचे छत्र हरपते. अनाथाश्रमात येणारे प्रत्येक मूल आईबापांविना असतेच असे नाही. पुष्कळदा दारिद्र्यच त्यास अनाथ करते. शहापूरच्या भूमीवरील तानसा व भातसा जलाशयांचे पाणी मुंबईस जाते, आणि त्याच तालुक्यातील गावपाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मुंबईत स्थिरावलेल्या आपल्या बांधवांनी ते पाणी पिताना या मुलांचे ऋण स्मरावे. चवदार तळ्याचा सत्याग्रह करणाऱ्या समाजास पाण्याचे मोल निराळे सांगावयास नको.

आज आपण दान करतो ते कसे? १४ एप्रिलला अथवा मुलाच्या वाढदिवशी आश्रमात जावयाचे, फळे वाटावयाची, मुलांना रांगेत उभे करून छायाचित्र काढावयाचे आणि परतावयाचे. फळे सायंकाळपर्यंत संपतात. गळके छप्पर आषाढभर गळतच राहते. २०१६ च्या बाल न्याय नियमांप्रमाणे सात मुलांमागे एक शौचालय आणि दहा मुलांमागे एक स्नानगृह असावयास हवे. आपल्या जवळच्या आश्रमात ते आहे काय, हे आपण कधी मोजून पाहिले आहे काय? पन्नास कुटुंबांनी दरमहा शंभर रुपये बाजूस काढले तर वर्षाकाठी साठ हजार रुपये जमतात. त्यातून पाण्याची टाकी, अंथरूण-पांघरूण, मच्छरदाण्या व छपराची डागडुजी होऊ शकेल.

कोणी म्हणेल, हे काम सरकारचे. आम्ही आताच कोठे उभे राहू लागलो आहोत. आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. मुलांना निरोगी व सन्मानाने वाढण्याची संधी मिळावी, असा राज्यास संविधानाच्या ३९व्या अनुच्छेदाचाच आदेश आहे. म्हणून निधीबरोबर अर्जही गेला पाहिजे. अनुदान, बालसंगोपन योजनेचे साहाय्य, अनाथ प्रमाणपत्र व त्यावर मिळणारे, २०१८ पासूनचे एक टक्का आरक्षण, ही भिक्षा नसून हक्क आहेत. परंतु सरकारी कागद हलेपर्यंत मुलाने भिजत निजावे काय? बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले, तेव्हा आपला समाज आजच्याहून कितीतरी निर्धन होता. धारवाडच्या वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी माता रमाईंनी हातातील बांगड्या काढून दिल्या, असे सांगितले जाते.

मात्र देताना डोळे मिटून देऊ नये. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे अशा संस्थेची नोंदणी सक्तीची आहे, आणि मुलाचा प्रवेश बालकल्याण समितीच्या आदेशाने व्हावा लागतो. नोंदणीपत्र पाहावे, पावती घ्यावी, वर्षाचा हिशेब मागावा. ज्या संस्थेस हिशेबाचा प्रश्न अपमान वाटतो, तिला पैसा देणे म्हणजे दान नव्हे. ती मुलांशी केलेली प्रतारणाच होय.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपल्या निधीवर धर्माची अट असू नये. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यास घोषणा केली आणि दीक्षा घेतली ती १९५६ साली. मधली एकवीस वर्षे विचारात व अभ्यासात गेली. ज्या धर्मांतराचे मोल स्वतंत्र विचारात आहे, ते पोरक्या मुलाच्या ताटातील भाकरीशी कसे बांधता येईल? त्यास आपण छप्पर द्यावे, पाणी द्यावे, पुस्तक द्यावे. मोठे झाल्यावर तथागताचा मार्ग त्याने स्वतःच्या बुद्धीने पारखावा. आमिषाने मिळविलेला उपासक धम्मास नको आहे.

तेव्हा या वर्षावासात प्रत्येक विहाराच्या उपासकांनी एक सभा भरवावी, पाच जणांची समिती नेमावी, त्यात निदान दोन भगिनी असाव्यात, आणि जवळच्या नोंदणीकृत आश्रमाची प्रत्यक्ष पाहणी करून गरजांची यादी करावी. यादीतील पहिली गोष्ट शौचालय निघाली तर लाजू नये. अनाथपिंडिकही लाजला नव्हता.

जय भीम!