नोंदणी आहे, हमी नाही

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता देशात अमलात आल्या आणि रिक्त जागा कळवण्याची सक्ती करणारा 1959 चा सेवायोजन कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. ज्या कचेरीला दोन-तीन पिढ्या ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’ म्हणून ओळखत आल्या, तिला संहितेने ‘करिअर सेंटर’ असे नाव दिले आहे. महाराष्ट्रात ही पाटी त्याआधीच बदलली होती. जिल्ह्याच्या गावचे सेवायोजन कार्यालय आता ‘कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र’ असे लांबलचक नाव धारण करून बसले आहे. पाटी बदलली की कारभार बदलतो, ही आपल्याकडची जुनी समजूत. जुन्या कायद्यातील एक तरतूद मात्र नव्या संहितेतही तशीच राहिली आहे. मालकाने रिकामी जागा कळवली, एवढ्यावरून ती जागा या कचेरीमार्फतच भरण्याचे बंधन त्याच्यावर येत नाही. नोंदणी करणाऱ्याच्या पदरी काय पडते, याचे उत्तर या एका तरतुदीत आहे.

या कचेऱ्या मुळात निघाल्या त्या हातचे काम गेलेल्यांसाठी. 1945 साली महायुद्ध संपत आले तेव्हा सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या जवानांना नागरी व्यवसायांत सामावून घेण्यासाठी त्या उघडल्या गेल्या. फाळणीनंतर निर्वासितांची सोय त्यांच्याकडे आली आणि 1948 मध्ये त्या सर्वांना खुल्या झाल्या. नोव्हेंबर 1956 मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपवण्यात आला. पुढे त्यांचे रूप हळूहळू पालटले. शालान्त परीक्षेचा निकाल लागला की नाव नोंदवायचे आणि सरकारी नोकरीच्या ‘कॉल’ची वाट पाहायची, असा शिरस्ता पडला. ज्याची नोंद जुनी त्याचा क्रमांक वर, असा हिशेब असल्यामुळे बेकार नसलेलेही नाव नोंदवून ठेवीत आणि काम मिळालेले ते काढून घेत नसत. त्यामुळे नोंदपटावरील आकडा म्हणजे बेकारांची संख्या, असे कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने कधी मानले नाही.

या रांगेत सर्वांत मागे राहिला तो चाळिशीत नोकरी गमावणारा. वीस वर्षे कारखान्याच्या हिशेबखात्यात काम केलेल्या कारकुनाने नाव नोंदवले तर त्याची नोंद आजची. शिवाय सरकारी नोकरीची वयोमर्यादा त्याने केव्हाच ओलांडलेली. सरकारी भरतीतही या कचेरीचा मक्ता उरला नाही. सरकारने आपल्या खात्यांतील भरती सेवायोजन कार्यालयांमार्फतच करावी, हे धोरण सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये मान्य केले होते. परंतु जाहिरात देऊन इतरांचेही अर्ज विचारात घेतले पाहिजेत, असे त्याच न्यायालयाने 1996 मध्ये सांगितले. समान संधीच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण कचेरीच्या हाती असलेला एकमेव हुकमी पत्ताही त्यामुळे गेला.

ज्या ब्रिटनकडून ही कल्पना आपल्याकडे आली, तेथे ती एकटी आलेली नव्हती. तेथे 1910 मध्ये लेबर एक्स्चेंज सुरू झाली आणि 1911 च्या कायद्याने बेकारीचा विमा आला. बांधकाम, जहाजबांधणी यांसारख्या निवडक धंद्यांतील कामगाराला आठवड्याला सात शिलिंग, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा आठवडे मिळू लागले. त्यासाठी त्याला एक्स्चेंजमध्ये हजेरी लावावी लागे. काम शोधणे आणि तोवर पोट भरणे या दोन्ही गोष्टी एकाच खिडकीवर आल्या. आपण खिडकी घेतली, विमा घेतला नाही. बेकारीच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा हक्क संविधानाच्या 41 व्या अनुच्छेदात आहे. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने न्यायालयात बजावता येत नाही आणि ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ हे शब्द त्याला जोडलेले आहेत.

नोंदणीला अर्थ देण्याचा प्रयत्न आपल्याकडे झालाच नाही, असे मात्र नव्हे. तो याच राज्यात झाला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1972 मध्ये रोजगार हमी योजना राज्यभर आली आणि 26 जानेवारी 1979 पासून तिला कायद्याचे बळ मिळाले. मजुराने नाव नोंदवावे, कामाची मागणी करावी, आणि पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर त्याला बेकारभत्ता द्यावा, असा तिचा गाभा. भत्ता प्रत्यक्षात फार थोड्यांच्या हाती पडला, हे खरे. तरीही मागणीच्या अर्जावरील तारखेपासून सरकार त्या मजुराचे देणेकरी होत असे. या योजनेसाठी 1975 पासून व्यवसाय कर बसवण्यात आला. शिक्षक आणि कारकून यांच्या पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात ते याच करापोटी. म्हणजे ग्रामीण मजुराच्या हमीसाठी शहरातील पगारदाराने पैसे दिले, आणि ते योग्यच होते. पण त्याची स्वतःची नोकरी गेली, तर त्याच्यासाठी अशी कोणतीही तारीख सुरू होत नाही.

कामगार राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 पासून आहे. तिच्यात सरासरी दैनिक वेतनाच्या 25 टक्के भत्ता मिळे. महासाथीच्या काळात, 2020 मध्ये, तो 50 टक्के करण्यात आला. मुदत नव्वद दिवस आणि लाभ आयुष्यात एकदाच. विम्यासाठी वेतनाची मर्यादा 2017 मध्ये 21,000 रुपये ठरली, त्यामुळे तिच्यावर पगार असलेला मध्यमवर्गीय नोकरदार आधीच बाहेर राहिला. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यालाही ती मिळत नाही. आणि पुष्कळ ठिकाणी ‘स्वेच्छा’ कोणाची असते हे सर्वांना ठाऊक आहे. अशा अटींचा अनुभव मुंबईला नवा नाही. 1982 च्या संपानंतर गिरणगाव उद्ध्वस्त झाले आणि 1986 मध्ये वस्त्रोद्योग कामगारांसाठी पुनर्वसन निधी आला. पहिल्या वर्षी वेतनाच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25. पण त्यासाठी गिरणी कायद्याच्या अर्थाने कायमची बंद झालेली असावी लागे. भोंगा थांबला म्हणजे गिरणी बंद झाली, असे कायदा मानीत नव्हता.

वस्तुतः नोकरी गेल्याची माहिती सरकारकडे पोहोचतेच. कामगारकपातीची सूचना सरकारला देण्याचे बंधन औद्योगिक विवाद कायद्यात 1953 पासून होते आणि औद्योगिक संबंध संहितेनेही ते ठेवले आहे. महाराष्ट्रात ही सूचना जाते कामगार विभागाकडे. रोजगारेच्छुकाची नोंदणी होते कौशल्य विकास विभागाकडे. सूचनेबरोबरच त्या व्यक्तीची नोंद आपोआप व्हावी आणि भत्त्याचा अर्जही तोच मानला जावा, यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. कपात झालेल्या कामगाराला पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीतून देण्याची तरतूद संहितेत आहेच. तेही याच नोंदीला जोडता येईल.

अवघड प्रश्न आहे तो ‘कामगार’ या व्याख्येबाहेरच्यांचा. शिक्षक हे कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका प्रकरणात 1988 मध्येच ठरवले. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाची नेमणूक सत्राबरोबर संपते, तेव्हा कपातीची सूचना कोणाकडेच जात नाही. त्यांना सामावून घ्यायचे तर विम्याची कक्षा वाढवावी लागेल, आणि मग पैशाचा प्रश्न येईल. ग्रामीण मजुराच्या हमीसाठी बसवलेल्या व्यवसाय कराला त्यासाठी हात लावता कामा नये. पण राज्य विम्याची मालक व कामगार यांची मिळून वर्गणी जुलै 2019 मध्ये वेतनाच्या साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणण्यात आली, आणि अडीच टक्क्यांच्या या सवलतीपैकी दीड टक्का मालकांच्या वाट्याला गेला. त्यातला अर्धा टक्का बेकारीच्या विम्यासाठी परत मागता येईल.