मंदीत हजेरी कोणाची जाते?

खापरखेडा, चनकापूर, सिल्लेवाडा, वलनी या पट्ट्यात बाजाराची मंदी वर्तमानपत्राआधी किराणा दुकानात कळते. उधारीची वही जाड होऊ लागली की समजावे, कुठेतरी पाळ्या कमी झाल्या. म्हणून देशातील खाणधंद्याच्या मंदीविषयी आम्ही आज या स्तंभात लिहीत आहोत.

मंदी खाणीपर्यंत येते कशी? कारखान्याची चाके थांबली की विजेची मागणी उतरते. वीज केंद्र आपले संच कमी भारावर चालवते. खापरखेड्याचे केंद्र 1340 मेगावॉटचे. अशा केंद्राने हात आखडला की कोळशाची उचल घटते आणि खाणीच्या तोंडाशी ढीग वाढतो. 2020 च्या टाळेबंदीत देशभर हेच झाले. कोळसा अत्यावश्यक सेवेत होता, त्यामुळे महामारीतही कामगार भुयारात उतरतच होता. त्याच मंदीच्या काळात, 18 जून 2020 रोजी, केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना विक्रीसाठी कोळसा काढता यावा म्हणून खाणपट्ट्यांचा लिलाव सुरू केला. त्याविरुद्ध कोळसा कामगारांनी 2 ते 4 जुलै असा तीन दिवसांचा संप केला.

असे पूर्वीही घडले आहे. 1973 साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. 1991 च्या आर्थिक संकटानंतर नवे धोरण आले आणि 1993 साली कायद्यात दुरुस्ती करून वीज निर्मात्या खासगी कंपन्यांना स्वतःच्या वापरासाठी खाणी खुल्या करण्यात आल्या. अडचणीच्या दिवसांत घेतलेले निर्णय अडचण सरल्यावर मागे जात नाहीत, हे समाजबांधवांनी ध्यानात ठेवावे.

आता मंदीचा भार कोणावर पडतो ते पाहू. पक्क्या कामगाराला करारानुसार पगार मिळतो. ठेकेदाराच्या माणसाला मात्र "उद्यापासून येऊ नको" एवढेच सांगितले जाते. त्याला ना नोटीस, ना हिशेब. पक्क्या कामगारावर वेगळे संकट येते. भुयारी खाणीतला कोळसा खुल्या खाणीपेक्षा महाग पडतो. तोट्याचे कारण सांगून भुयारी खाण बंद होते, कामगाराची दूर बदली होते, आणि मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचा दवाखाना यांची घडी विस्कटते.

पण सगळा दोष मंदीचा म्हणावा काय? आकडे वेगळेच सांगतात. 1975 साली कोल इंडिया स्थापन झाली, तेव्हा वर्षाला सुमारे 8 कोटी टन कोळसा निघत असे आणि कामगार साडेसहा लाखांच्या वर होते. 2023-24 साली उत्पादन 77 कोटी टनांवर गेले. पक्के मनुष्यबळ मात्र सव्वादोन लाखांच्या आसपास उरले. म्हणजे कोळसा नऊपटीहून अधिक वाढला आणि कामगार एकतृतीयांशावर आला! यंत्रांनी काही कामे घेतली हे खरे. पण कितीतरी कामे ठेकेदाराकडे गेली. मंदीत भरती थांबते, आणि तेजी आली तरी ती पूर्वीसारखी सुरू होत नाही.

आमच्या समाजासाठी प्रश्न इथेच आहे. अनेक घरांत पहिला पक्का पगार खाणीने, वीज केंद्राने किंवा गिरणीने आणला. त्या पगारावर मुले कॉलेजात गेली, विहारे उभी राहिली. सार्वजनिक उद्योगातील पक्क्या भरतीत आरक्षण आहे. ठेकेदाराच्या हजेरीपटावर ते नाही. जागाच पक्की राहिली नाही तर आरक्षण कागदावर शाबूत राहूनही हाती काय येणार?

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहण्यास गेले आणि स्वतः खाणीत उतरले. जानेवारी 1944 मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. कोळशावर उपकर बसवून त्यातून कामगारांच्या घरांची, औषधपाण्याची, शिक्षणाची सोय करायची, हा त्याचा गाभा. युद्धकाळात कोळसा कमी पडला म्हणून स्त्रियांना भुयारात काम करण्यावरची बंदी उठवली गेली होती. तेव्हा त्यांनी हा उपाय तात्पुरता आहे, आणि स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, असे विधिमंडळात सांगितले. 1946 साली बंदी पुन्हा लागू झाली. अडचणीच्या काळातही कामगाराचा हक्क नियमात लिहून ठेवावा लागतो, हा धडा त्यातून घ्यायचा.

म्हणून आमची घराघरांतील भगिनींना विनंती आहे. मालकांच्या नोकरीची कागदपत्रे एकदा तरी स्वतः पाहा. सेवा पुस्तकात तुमचे नाव माहेरचे आणि आधार कार्डावर सासरचे, असे असेल तर आताच दुरुस्त करून घ्या. भविष्य निर्वाह निधीला आणि ग्रॅच्युइटीला वारस म्हणून कोणाचे नाव आहे ते विचारा. नोकरीत असताना कामगार दगावल्यास वारसाला नोकरी किंवा पत्नीला मासिक रक्कम, ही तरतूद कोळसा वेतन करारात आहे. पण नावातल्या एका अक्षराच्या फरकाने प्रकरणे वर्षानुवर्षे अडकतात.

ठेकेदारीतील तरुणांनी हजेरी कार्ड, पगाराची पावती आणि निधीचा क्रमांक मागून घ्यावा. खाण भविष्य निर्वाह निधी त्यांनाही लागू आहे. कोल इंडियात कंत्राटी कामगारांसाठी 2013 पासून वेगळे मजुरी दर ठरलेले आहेत. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यावी, असे 1970 च्या कायद्यात होते आणि नव्या श्रम संहितेतही आहे. परंतु कागद नसेल तर कायदा कोणाच्या बाजूने उभा राहणार?

रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास या कामाला द्यावा. शिकलेल्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांचे अर्ज भरून द्यावेत. सम्यक आजीविका तथागतांनी अष्टांगिक मार्गात सांगितली आहे. ती टिकवण्यासाठी आजच्या दिवसात पावत्या जपणे हेही धम्माचेच काम आहे, असे आम्ही मानतो.

जय भीम!