वाटा निघाला, पण कोणाच्या पदरात?

सरकारी तिजोरीतला वाटा मागास भागाला किती मिळावा, यावर महाराष्ट्राने एक चांगला पायंडा पाडला आहे. सुखटणकर समितीच्या शिफारशीनुसार १९९३-९४ पासून राज्याच्या योजनेतले ९ टक्के, म्हणजे साधारण लोकसंख्येच्या प्रमाणात, आदिवासी उपयोजनेसाठी वेगळे काढायचे ठरले. ही मेहेरबानी नव्हे, हक्काचा वाटा आहे, हे तत्त्व सरकारदरबारी मान्य झाले.

पण पैसा वेगळा काढला म्हणजे तो पाड्यावर पोचला असे होत नाही. कोणते काम घ्यायचे हे वरच ठरत राहिले. म्हणून एप्रिल २०१५ चा निर्णय महत्त्वाचा. उपयोजनेतले ५ टक्के पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट, अबंध निधी म्हणून द्यायचे आणि ते कशावर खर्चायचे हे ग्रामसभेने ठरवायचे.

ग्रामसभेने म्हणजे नेमके कोणी? सभा मोठ्या गावात, भर दुपारी. त्या वेळी पाड्यावरची बाई मजुरीवर असते, नाहीतर पाण्याला गेलेली असते. मग ठराव होतो सभामंडपाचा, कमानीचा. ती हजर असती तर विहिरीचा गाळ काढण्याचा विषय निघाला असता, बाळंतिणीला डांबरी रस्त्यापर्यंत न्यायच्या सोयीचा निघाला असता. जिल्ह्याजिल्ह्यांतली विषमता आकड्यांत दिसते. गाव आणि पाडा, पुरुष आणि बाई यांच्यातली वाटणी कुठल्याच तक्त्यात येत नाही.

'बायकांना हिशेबातले काय कळते?' असे अजूनही विचारले जाते. बचतगटाचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या बायकांना हे विचारायचे?

कायदा आपल्या बाजूने आहे. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असे ग्रामपंचायत कायदाच सांगतो. पंचायतीतल्या निम्म्या जागा २०११ पासून आपल्या आहेत. पेसा नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागता येते. तेव्हा संघटनांनी तीन मागण्या लावून धराव्यात. अबंध निधीचा आराखडा आधी महिला सभेपुढे यावा. ही सभा पाड्यावर, बायकांच्या सोयीच्या वेळी व्हावी. आणि मागच्या वर्षीचा जमाखर्च तिथे मोठ्याने वाचला जावा.

वाटा मिळवायला मोठा लढा द्यावा लागला. तो कुठे खर्चायचा हे ठरवण्याचा हक्कही आता मागून नव्हे, बजावूनच घ्यावा लागेल.