स्वस्त गोळीचे श्रेय कोणाचे?

‘जगाची औषधशाळा’ हे बिरुद मिरवताना एचआयव्हीवरील स्वस्त औषधांचे सारे श्रेय भारतीय कंपन्यांच्या पदरात टाकले जाते. हे अर्धसत्य आहे.

२००१ मध्ये सिप्लाने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार एका वैद्यकीय मदतसंस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांचा तसाच उपचार तेव्हा १०,००० डॉलरच्या घरात होता. हा पराक्रम घडला, कारण १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या प्रक्रियेलाच पेटंट दिले होते. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ मध्ये ते कवच गळून पडले. कारखाने तेच राहिले, रसायनशास्त्रज्ञही तेच. स्वस्ताईची हमी मात्र उरली नाही.

पुढची लढाई रुग्णांनी लढली. २००६ मध्ये एचआयव्हीबाधितांच्या संघटनांनी ग्लॅक्सोच्या ‘कॉम्बिव्हिर’वरील पेटंट अर्जाला हरकत घेतली. झिडोव्हुडिन आणि लॅमिव्हुडिन ही दोन ज्ञात औषधे एका गोळीत आणणे हा नवा शोध कसा, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षी कंपनीने अर्ज मागे घेतला. २००८ मध्ये मुलांसाठीच्या नेव्हिरापिनच्या पातळ औषधावरील, तर २००९ मध्ये टेनोफोव्हिरवरील अर्ज अशाच हरकतींनंतर फेटाळले गेले.

पेटंट नसेल तर संशोधन कोण करील, असा आक्षेप घेतला जातो. झिडोव्हुडिनचा रेणू १९६४ मध्ये कर्करोगावरील संशोधनातून, सार्वजनिक निधीच्या बळावर तयार झाला, याचा आक्षेपकांना विसर पडतो. शिवाय विरोध नव्या रेणूला नव्हताच. जुन्या रेणूला नवा मुलामा देऊन मक्तेदारी लांबवण्याला होता. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने परिणामकारकता लक्षणीय वाढत नसेल तर पेटंट नाही, असे कायद्याचे कलम ३(ड) सांगते. ते कलम कागदावरून कार्यालयात आणले ते रुग्णसंघटनांनी.

आता २०२४ च्या नियमदुरुस्तीने पेटंटपूर्व हरकतीला शुल्क लावले आहे. शिवाय हरकत विचारात घेण्याजोगी आहे की नाही, हे नियंत्रक आधीच ठरवणार. बलाढ्य कंपनीला हे शुल्क किरकोळ. वर्गणीवर चालणाऱ्या रुग्णसंघटनेला तोच मोठा अडसर. ज्या दारातून स्वस्त औषध आले, ते दार अरुंद करायचे आणि औषधशाळेचे बिरुद मात्र मिरवायचे, ही विसंगती विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तरी मुकाट्याने स्वीकारू नये.