बाईचा दम म्हणजे 'टेन्शन'?

पहाटे चारला छातीत घरघर, उशांना टेकून बसून काढलेली रात्र; आणि दहाला दवाखान्यात गेलं की छाती साफ! 'टेन्शन घेऊ नका बाई,' म्हणून डॉक्टरांनी मला तीनदा परत पाठवलं. दमा असाच येतो-जातो, रात्री-पहाटे वाढतो. मधल्या वेळी तपासणी नॉर्मलही येते, हे मला दोन वर्षांनी कळलं. मग पीक फ्लो मीटर आणलं. सकाळ-संध्याकाळ जोरात फुंकायचं, आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायचा. पहाटे २२०, संध्याकाळी ३१०. ते पान पाहिल्यावर मात्र डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली! बाईच्या शब्दाला किंमत नाही, आकड्याला आहे. आमच्या बचत गटातल्या दोघींनाही 'टेन्शन'च सांगितलंय. मैत्रिणींनो, आकडे लिहून न्या, स्पायरोमेट्री करायला सांगा. नवरा सोबत असला की डॉक्टर नीट ऐकतात म्हणे. मी मुद्दाम एकटीच गेले.