श्रमप्रतिष्ठेचं सोंग आणि माझी १९८५ ची होंडा

मागच्या महिन्यात माझ्याकडून एक चूक झाली. घराच्या गॅरेजमध्ये उघडून ठेवलेली मोटरसायकल, शेजारी मी, आणि कोपरापर्यंत काळे झालेले माझे हात, असा एक फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तासाभरात सांगली, पुणे, डोंबिवलीहून कौतुकाचा पूर आला. "एवढा शिकलेला माणूस, पण गाडी स्वतः दुरुस्त करतो! याला म्हणतात श्रमप्रतिष्ठा. नाहीतर आपल्याकडे बघा, पंक्चर काढायलासुद्धा माणूस लागतो," असं एका काकांनी लिहिलं. त्यावर आतेबहिणीने तिच्या सोळा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर धारेवर धरलं. त्या बिचाऱ्याचा काडीचा संबंध नव्हता.

मंडळी, हे आता फार झालं. परदेशात गेलेल्या आमच्यासारख्यांनी मायदेशाला जी काही प्रवचनं ऐकवली आहेत, त्यांत 'इथे श्रमाला प्रतिष्ठा आहे' हे प्रवचन सगळ्यात जुनं आणि सगळ्यात पोकळ. पहिली काही वर्षं मीही ते चॉकलेटच्या पाकिटांबरोबर बॅगेत भरून आणत असे. तेव्हा त्या मुलाची माफी मागून खरं काय ते सांगतो.

आधी गाडीबद्दल. होंडा शॅडो, व्हीटी ७००, साल १९८५. क्रूझर जातीची, म्हणजे बुटकी, लांब, हँडल आपल्याकडे ओढलेलं आणि पाय पुढे टाकून आरामात बसायचं. आपल्याकडच्या बजाज अव्हेंजरचा थोरला चुलता समजा. हिच्या ७०० या आकड्यामागे एक गंमत आहे. १९८३ मध्ये हार्ले डेव्हिडसन कंपनी मोडकळीला आली होती. तिच्या तक्रारीवरून रेगन सरकारने ७०० सीसीच्या वरच्या आयात मोटरसायकलींवर ४५ टक्के जादा जकात बसवली, आधीची धरून ४९.४ टक्के. जपान्यांनी शांतपणे ७५० चं इंजिन थोडं आकसून ७०० च्या आत बसवलं आणि विक्री चालू ठेवली. पुढे १९८७ मध्ये हार्लेनेच 'आता जकात नको' असं सांगितलं. होंडाचा मोटरसायकलचा कारखाना तर १९७९ पासून इथेच ओहायोत, मेरिस्विलला होता, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. (२००९ मध्ये तिथलं मोटरसायकलचं काम थांबलं.) असो, विषयांतर झालं.

एका शेतकऱ्याच्या कोठारात ही गाडी अकरा वर्षं उभी होती. सहाशे डॉलरला घेतली. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचं घरटं, टाकीत गंज, ब्रेकच्या तेलाचा काकवीसारखा रंग. टायरवर शेवटचे चार आकडे ३२०४, म्हणजे २००४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. माझी मुलगी त्याहून लहान आहे.

आता नीट लक्ष द्या, कारण श्रमप्रतिष्ठेचा जन्म इथे झाला. गाडी आणल्यावर मी पहिलं काम कोणतं केलं? दुकानात फोन! एका डीलरने साल ऐकलं आणि 'वीस वर्षांवरच्या गाड्या आम्ही घेत नाही' म्हणून विषय संपवला. दुसऱ्या एका छोट्या दुकानाने तासाला सव्वाशे डॉलर सांगितले. कार्बोरेटर, ब्रेक आणि पुढचे शॉक ॲब्सॉर्बर मिळून निदान बारा तास. बारा गुणिले सव्वाशे, दीड हजार डॉलर, पार्ट वेगळे. सहाशेच्या गाडीला! तर माझे हात काळे झाले ते गांधी-टॉलस्टॉय वाचून नव्हे, हा गुणाकार करून.

जिथे मजुरी स्वस्त मिळते तिथे हाच अमेरिकन काय करतो ते बघा. माझ्या गल्लीतलं निम्मं गवत बाहेरून आलेली मेक्सिकन आणि ग्वाटेमालन पोरं कापतात. त्यांची नावं कोणाला माहीत नाहीत. त्यांना कोणी पाणी विचारलेलं मी पाहिलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही. गाडीचं तेल बदलायचं दुकान दर चार सिग्नलला आहे, तिथे माणसं आत बसून कॉफी पितात आणि खाली खड्ड्यात उभा राहून कोणीतरी तेल सोडत असतो. कुठे गेली प्रतिष्ठा?

मोटरसायकल दुरुस्त करतो म्हटलं की हमखास कोणीतरी विचारतं, "ते झेनचं पुस्तक वाचलंस का?" वाचलंय. रॉबर्ट पिर्सिगचं, १९७४ चं. त्यातसुद्धा बरोबर निघालेला मित्र बीएमडब्ल्यू चालवतो आणि तिला हात लावायला तयार नसतो. त्याचं हँडल सैल झालेलं असतं आणि लेखक सुचवतो की बिअरच्या डब्याची पट्टी कापून आत घालू. मित्राला ते अगदी कमीपणाचं वाटतं. म्हणजे हात न लावणारे लोक इथेही आहेत आणि पहिल्यापासून आहेत. हे वाचताना मला आमचे मिरजेचे मिस्त्री आठवले. ते सांगायची वाटसुद्धा न बघता पट्टी घालून मोकळे झाले असते. त्यांच्याकडे येतोच.

मग इथे काहीच शिकण्यासारखं नाही का? आहे. पण ते स्वभावात नाही, कागदात आहे.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स घोटलं, ऑटो सायकलचा आलेख आजही झोपेत काढीन. पण खरा कार्बोरेटर पहिल्यांदा उघडला तो वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. उघडू शकलो, कारण या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं. कंपनीचं मूळ पुस्तक, जुनं, कोणाच्या तरी ग्रीसच्या बोटांचे ठसे असलेलं. शिवाय क्लायमर आणि हेन्स अशा प्रकाशकांची पुस्तकं असतात, ती तर ज्याने आयुष्यात पाना धरला नाही अशा माणसासाठीच लिहिलेली. कोणता बोल्ट आधी सोडायचा, कोणता किती जोराने आवळायचा, कोणत्या वायरचा रंग काय, सगळं. कार्बोरेटर बाहेर कसे ओढायचे, त्यांतला केसाएवढ्या भोकाचा पायलट जेट कसा साफ करायचा, परत बसवल्यावर दोन्ही कार्बोरेटर एकसारखे ओढतात की नाही ते व्हॅक्यूम गेजवर कसं बघायचं, हे सगळं मी पानं उलटत केलं. त्याबरोबर कंपनीची पार्टांची चित्रं असतात. प्रत्येक भाग सुटा करून काढलेला आणि प्रत्येकाला, अगदी दोन रुपयांच्या रबराच्या रिंगलासुद्धा, नंबर. तो नंबर टाकला की चाळीस वर्षांच्या गाडीचं ऑईल सील चार दिवसांत दारात. जे बनायचं बंद झालं ते शोधायला जुलैत लेक्झिंग्टन गावी जायचं. इथे ओहायोतच जुन्या मोटरसायकलींची मोठी जत्रा भरते आणि एकराएकरांवर लोक गंजके पार्ट मांडून बसतात.

पुस्तकात नसलेली एक गोष्ट मात्र तीन स्क्रूंची डोकी खराब करून शिकलो. जपानी गाडीचे स्क्रू दिसतात साध्या फुलीचे, पण त्यांची फुली जपानी मापाची असते. अमेरिकन स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि जोर दिला की फुलीचा वाडगा होतो. जपानी मापाचा घ्या. वीस डॉलर वाचतील आणि जिभेवर ताबा राहील.

हा कागदसुद्धा कंपन्यांनी प्रेमाने दिलेला नाही बरं का. कान धरावा लागतो. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे 'आमचेच पार्ट वापरा, नाहीतर वॉरंटी रद्द' असं कंपनीला सहसा म्हणता येत नाही. तरी २०२२ मध्ये नेमक्या त्याच कारणासाठी इथल्या ट्रेड कमिशनला हार्लेवर कारवाई करावी लागली. जिला वाचवायला १९८३ मध्ये जकात बसवली, तीच!

आपल्याकडे काय झालं तेही आठवा. ऑगस्ट २०१४ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. गुन्हा? सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांपर्यंत पोहोचू द्यायची नाही. पुढे अपिलं, कोर्टबाजी सुरू झाली ते ओघाने आलंच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टलही काढलं. माझा प्रश्न काकांना आहे. ही बातमी आपल्या ग्रुपवर कोणी टाकली होती? एकानेही नाही. माझे काळे हात मात्र बावीस जणांना आवडले.

आता मिस्त्री. वडिलांची राजदूत होती, सगळ्यांचीच असायची. मिरजेत मिस्त्रींचं पत्र्याचं दुकान, रॉकेलची परात, भिंतीला टांगलेले पाने. सायलेन्सरची नळी जाळात घालून कार्बन उडवायचे. पॅकिंग फाटलं तर पुठ्ठा इंजिनावरच धरून हातोडीने टकटक करत कडेकडेने कापायचे, आणि ते तंतोतंत बसायचं. पॉइंटचा गॅप सिगरेटच्या पाकिटाच्या कागदाने बघायचे. इंजिनाला कान लावून 'बेअरिंग बोलतंय' म्हणायचे. आमच्या घरात मात्र त्यांचा उल्लेख 'तो मिस्त्री आला का रे' असाच. वडिलांपेक्षा ते वयाने मोठे होते. १९९६ साली, कॉलेजात असताना, मी स्वतः गाडी घेऊन गेलो होतो. क्लच प्लेट बदलायचे त्यांनी ऐंशी रुपये सांगितले. मी घासाघीस करून साठ दिले आणि व्यवहार जमतो म्हणून घरी शाबासकी मिळवली.

श्रमप्रतिष्ठा नाही म्हणता ना आपल्याकडे? ती आणायला शिकलेल्या पोरांनी हौसेने हात काळे करायची गरज नाही. ज्याचे हात पोटासाठी काळे आहेत त्याला पूर्ण पैसे द्यायचे, एवढं सोपं आहे. मला सव्वाशे डॉलर परवडेनात म्हणून मी पाना उचलला. मिस्त्रींना साठ रुपयांत पिळता येत होतं म्हणून काकांनी उचलला नाही. दोघांचं गणित एकच, त्यात संस्कृती कुठे आली?

आणि दुसरं, ते जे जाणत होते ते कोणी लिहून घेतलं नाही. पुण्याच्या नाना पेठेत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गावोगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये किती विद्या पडून आहे! लिहायला येणाऱ्यांनी इंजिन उघडलं नाही आणि इंजिन उघडणाऱ्यांना कोणी लिही म्हटलं नाही. ज्या भाषेत किर्लोस्करांनी १९२० मध्ये कारखान्याच्या मालाची खबर द्यायला मासिक काढलं, त्या भाषेत आज रस्त्यावरच्या सगळ्यात खपाच्या मोटरसायकलचं धड दुरुस्ती-पुस्तक मिळू नये? 'पुस्तक निघालं तर मिस्त्रीचं पोट जाईल' असं एका मित्राचं म्हणणं पडलं. इथे वाचनालयात दुरुस्तीची पुस्तकं फुकट मिळतात, तरी सव्वाशे डॉलरवाल्याकडे तीन आठवड्यांची रांग आहे. पुस्तकाने मिस्त्रीचं पोट जात नाही. पार्ट आणि माहिती कंपनीने दाबून ठेवली की जातं.

माझी गाडी मार्चमध्ये सुरू झाली, पण ठीक चालेना. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा वेग पटकन उतरायचा नाही, रेंगाळायचा. तीन शनिवार-रविवार घालवले, कार्बोरेटर दोनदा परत काढले. शेवटी भावाकडून मिस्त्रींचा नंबर घेतला. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, मोतीबिंदूमुळे दुकान बंद. मुलगा एमआयडीसीत कंपनीत जातो. व्हिडिओ कॉल लावला. मी गाडी दाखवायला लागलो तर म्हणाले, "मला काय दिसतंय? आवाज ऐकव." ऐकवला. रेस दिली, सोडली.

"पुन्हा."

पुन्हा केलं.

"हवा खातंय ते बाळ. कार्बोरेटर न् सिलेंडरच्या मधलं रबर बघ. मागच्या सिलेंडरचं."

रात्रभर गाडी थंड होऊ दिली, सकाळी सुरू करून मागच्या रबरावर स्प्रे मारला. आवाज लगेच बदलला. चाळीस वर्षांच्या रबराला खालून, बोट घातल्याशिवाय कळणार नाही अशी चीर होती. मॅन्युअल परत काढून बघितलं. बिघाडांच्या यादीत ही शक्यता सहाव्या ओळीत होती. मी पहिल्या पाचांतच अडकलो होतो.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी, त्यांच्याकडे संध्याकाळ असते तेव्हा, फोन करतो. ते बोलतात, मी रेकॉर्ड करून घेतो आणि आठवडाभरात लिहून काढतो. राजदूतचा क्लच, येझदीचं टायमिंग, पुठ्ठ्याचं पॅकिंग. आत्तापर्यंत नऊ फोन झाले आहेत. पैशावरून मात्र आमचं भांडण चालू आहे. मी इथला तासाचा दर सांगितला तर त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग म्हणाले, "एवढंच असेल तर आधी ते क्लचचे वीस दे."

मला वाटलं होतं ते विसरले असतील.