धुराडे उंच केले म्हणजे धूर नाहीसा होतो काय?

केंद्र शासनाच्या पर्यावरण मंत्रालयाने ११ जुलै २०२५ रोजी एक अधिसूचना काढली आणि कोळशावर चालणाऱ्या आपल्या वीज केंद्रांतील सुमारे ७८ टक्के संचांना गंधकाच्या धुरावरील बंधनातून मोकळे केले. अट एकच, धुराड्याची उंची ठरलेल्या मापाची असावी! दहा वर्षांपूर्वी, डिसेंबर २०१५ मध्ये, याच मंत्रालयाने हे बंधन घातले तेव्हा पूर्ततेस दोन वर्षांची मुदत होती. ती २०१७ ची २०२२ झाली, पुढे २०२४ ते २०२६ झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तीन वर्षे वाढली. मुदतवाढीचा कंटाळा येऊन शेवटी बंधनच सोडून देण्यात आले, असे कोणी म्हटले तर त्याला खोटे पाडणे कठीण आहे.

शासनाची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का, हे खरे. बहुतेक शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइडचे मोजमाप मर्यादेच्या आत येते, हेही खरे. धूर धुण्याची यंत्रे बसविण्यास पैसा लागतो, ती चालविण्यास वीज लागते आणि त्यांना लागणारी चुनखडी खाणीतून काढावी लागते, हेही कोणी नाकारीत नाही. परंतु अर्धा टक्का म्हणजे किती, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. एका टनात अर्धा टक्का म्हणजे पाच किलो गंधक, आणि ते जळून प्राणवायूशी मिळाले की त्याचे वजन दुप्पट होऊन दहा किलो वायू होतो. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा खातो. आपल्या कोळशात राख फार आणि उष्णता कमी, म्हणून तो अधिक जाळावा लागतो. थोडा गंधक राखेत अडकतो, तो वजा केला तरी एका धुराड्यातून रोज साठ-सत्तर टन वायू आकाशात जातो. अशी धुराडी देशात किती आहेत हे वाचकांस सांगण्याची गरज नाही.

मग मोजमाप मर्यादेत कसे येते? खरी मेख येथेच आहे. हा वायू धुराड्यातून निघतो तेव्हा वायू असतो, पण तसा तो राहत नाही. वाऱ्याबरोबर जाता जाता, काही तासांत वा काही दिवसांत, त्याचे गंधकाम्ल होते. शेतांतून आणि गोठ्यांतून उठणारा अमोनिया त्याला भेटतो आणि दोहोंचे मिळून अमोनियम सल्फेटचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. हे कण इतके बारीक की नाकातील केस त्यांना अडवीत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. वायू मोजणाऱ्या यंत्राला ते दिसत नाहीत, कारण ते आता वायू उरलेलेच नसतात. ते धूळ मोजणाऱ्या यंत्रात दिसतात, आणि तेथे त्यांच्यावर धुराड्याचे नाव लिहिलेले नसते. म्हणजे आरोपी वेश पालटून गावाबाहेर पडला, आणि गावात तो सापडत नाही म्हणून गुन्हाच घडला नाही असा निवाडा देण्यात आला!

याच मंत्रालयाने जानेवारी २०१९ मध्ये शहरांतील धूळ कमी करण्यासाठी राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. त्याखाली रस्ते झाडणे आणि पाणी शिंपडणे चालू आहे. एका हाताने धूळ झाडावयाची आणि दुसऱ्या हाताने धुळीच्या जनकास सोडून द्यावयाचे, यात कोणते धोरण आहे ते आम्हांस उमगत नाही. (नायट्रोजनच्या ऑक्साइडांचीही हीच कथा आहे. २००४ ते २०१६ या काळातील संचांसाठी ३०० ची मर्यादा २०२० मध्ये ४५० करण्यात आली.)

आता उंच धुराड्याचा इलाज. आपल्याकडील ५०० मेगावॉटच्या संचांची धुराडी २७५ मीटरची, म्हणजे जवळजवळ पावणेचार कुतुबमिनार एकावर एक. त्याने पायथ्याशी राहणाऱ्यांचा त्रास कमी होतो, यात शंका नाही. परंतु हा प्रयोग जगात एकदा होऊन गेलेला आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुके आणि कोळशाचा धूर यांचे झाकण बसले आणि तेव्हाच्या मोजणीप्रमाणे सुमारे चार हजार माणसे दगावली. पुढील संशोधकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ मध्ये शुद्ध हवेचा कायदा झाला, शहरातील धूर हटला, आणि वीज केंद्रांनी आपली धुराडी उंच केली. लंडनची हवा निवळली, पण समुद्रापलीकडे नॉर्वे आणि स्वीडन येथील तळ्यांतील मासे मरू लागले. पाऊसच आंबट झाला होता. स्वांते ओडेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये त्याचा माग काढला, आणि १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत स्वीडनने हे प्रकरण जगापुढे मांडले. त्या परिषदेस इंदिरा गांधी स्वतः उपस्थित होत्या, आणि आपल्या १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याच्या प्रस्तावनेत त्याच परिषदेचा उल्लेख आहे. ज्या परिषदेने उंच धुराड्याचा भ्रम उघडा पाडला, तिचे नाव घेणाऱ्या देशात २०२५ मध्ये पुन्हा उंच धुराड्याचाच आधार घेतला जावा!

हे यंत्र आपल्याला नवे आहे, असा बहाणा निदान महाराष्ट्रात तरी चालणार नाही. ट्रॉम्बे येथील ५०० मेगावॉटच्या संचाचा धूर समुद्राच्या पाण्याने धुण्याची सोय ऐंशीच्या दशकातच झाली. डहाणूची हकीकत तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. चिकूच्या वाड्यांचा हा तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, आणि तेथेच ५०० मेगावॉटचे वीज केंद्र उभे राहिले. धूर धुण्याची अट परवानगीतच होती. केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले तरी अट कागदावरच राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. त्यांनी हा विषय सोडला नाही. कंपनीला मोठ्या रकमेची बँक हमी द्यावयास लावली, आणि २००७ मध्ये यंत्र सुरू झाले. समुद्राचे पाणी मुळातच किंचित क्षारधर्मी असते. धूर त्यातून नेला की गंधक विरघळतो आणि त्याचे सल्फेट होते, जे समुद्रात आधीच मुबलक आहे. समुद्र नसेल तेथे चुनखडीचे पाणी वापरतात. त्यातून जिप्सम मिळते आणि ते सिमेंटच्या कारखान्यांस लागते. केंद्र बंद पडले नाही, वीज अडली नाही आणि कंपनी बुडाली नाही.

डहाणूला जे मिळाले ते चंद्रपूरला का मिळू नये? २९२० मेगावॉटच्या तेथील केंद्राची वीज ज्या जाळ्यात जाते, त्याच जाळ्यावर पुण्याचे आणि मुंबईच्या उपनगरांचे दिवे पेटतात. धूर मात्र तिकडेच राहतो. नव्या अधिसूचनेप्रमाणे दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांना २०२७ अखेरची मुदत आहे. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय प्रकरणपरत्वे व्हावयाचा आहे. बाकीच्यांना माफी. दहा किलोमीटरची ही रेषा वाऱ्याला कोण दाखविणार? आणि अकराव्या किलोमीटरवरील खेड्यातील मुलाची फुप्फुसे निराळ्या मातीची असतात काय?

खर्चाचा बोजा अखेर वीज बिलावर येईल, हे आम्ही लपवीत नाही. आमच्या वाचकांच्याही बिलावर येईल. आज तोच बोजा दम्याच्या औषधांच्या आणि इस्पितळाच्या बिलांच्या रूपाने भरला जात आहे. फरक इतकाच की तो भरणारे वीज वापरणाऱ्यांपेक्षा गरीब आहेत.

केंद्राने हात झटकले म्हणून राज्याचे हात बांधले गेलेले नाहीत. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांतील तिसऱ्या नियमाप्रमाणे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळास, कारणे नमूद करून, केंद्राहून कडक मर्यादा घालता येते. महाराष्ट्र मंडळाने ती चंद्रपूरपासून घालावी. चंद्रपूरचे केंद्र राज्य शासनाच्याच मालकीच्या कंपनीचे आहे. तेव्हा मालक ऐकत नाही, ही सबबही येथे सांगता येणार नाही.